हाड् न म्हणता

अमेरिकेत मॉरिसव्हिलला घर घेतलं तेव्हा एजंटनं मागच्या झाडीकडे बोट दाखवून कौतुकानं सांगितलं होतं, "इथे हरणं येतात." आली. त्यांनी माझी मेथी खाल्ली, टोमॅटोचे शेंडे खाल्ले, दुधीचा वेल तर जमिनीपर्यंत साफ केला. दोन उन्हाळे मी हातात उलथनं घेऊन मागच्या दारातून "हाड्! हाड्!" करत धावत होते. हरणं चार पावलं मागे सरायची आणि मी आत गेले की परत यायची.

शेजारच्या घरात एक अमेरिकन आजी राहायच्या. निवृत्त मुख्याध्यापिका, नवरा गेल्यापासून एकट्या. एकदा कुंपणापलीकडून म्हणाल्या, "ओरडून काय होणार? शिकार शीक आणि खा त्यांना." त्या स्वतः लहानपणापासून शिकार करत, त्यांचा फ्रीझर हरणाच्या मटणानं भरलेला असे. माझं माहेरही मटण खाणारं. मी हो म्हणून बसले.

घरात हसून हसून पुरेवाट. नवरा म्हणाला, "बंदूक जमेल गं तुला. गप्प बसणं जमेल का?" मुलीनं मान वर न करता निकाल दिला, "आई, यू कान्ट इव्हन वेट फॉर द मायक्रोवेव्ह."

खोटं नव्हतं. मी मायक्रोवेव्ह वाजायच्या आत उघडते. कुकरची वाफ आपोआप जाईपर्यंत मला दम निघत नाही, उलथन्यानं शिट्टी उचलून फुस्स करते. पण हसणं लागलं मनाला. ठरवलं, या सीझनला एक हरीण आणायचंच, आणि तेही गप्प बसून.

शिकारीचा सेफ्टी कोर्स केला. वर्गात माझ्या शेजारी शाळकरी पोरं, मी आपली चष्मा सावरत नोट्स घेतेय. आजींच्या भावाच्या शेतावर कागदी निशाणावर नेम धरायला शिकले. नेम बरा निघाला. अडचण बूड टेकण्याची होती.

शेताच्या कडेला एका झाडाला लोखंडी शिडी टेकवलेली, वर दोघींपुरतं बाकडं. ते आमचं मचाण. रविवारी तिथे बंदुकीनं शिकारीला बंदी आणि आठवडाभर माझी नोकरी, म्हणजे शनिवारच काय तो हातात. पहिल्याच शनिवारी मी नाक खाजवलं, बूट घासले, तीनदा मागे वळून पाहिलं. आजी कुजबुजल्या, "मुंग्या चावतायत का?"

"नाही, इडलीचं पीठ बाहेरच राहिलंय का ते आठवतेय."

"पीठ पळून जाणार नाही. हरीण जाईल."

असे बरेच शनिवार गेले. मग एका सकाळी एक हरिणी झाडीतून बाहेर आली, थेट आमच्या समोर. आजींनी कोपरानं खूण केली. मी बंदूक उचलली, नेम धरला. तिनं मान खाली घालून हिरव्या पाल्याला तोंड लावलं, आणि माझ्या तोंडून खणखणीत "हाड्!" गेलं.

दोन उन्हाळ्यांची सवय! पांढरी शेपटी उंच करून ती दिसेनाशी झाली. आजींनी डोळे मिटून घेतले.

"काय म्हणालीस तू?"

"आमच्या भाषेत... चालती हो."

"तिला कळलं," आजी म्हणाल्या.

परतताना गाडीत बसल्यावर त्यांनी आधी हातमोजे काढले. मग म्हणाल्या, "पुढचा शनिवार सीझनमधला शेवटचा. पुन्हा ओरडलीस तर पुढच्या वर्षी मी एकटीच येईन. माझ्याकडे वाया घालवायला फार सीझन उरले नाहीत."

तो आठवडा मी रोज ऑफिसला जाण्याआधी मागच्या पायरीवर बसले. वाफ्यात थोडा पालक उरला होता. हरणं आली. मी मफलर दातांत धरला आणि त्यांना खाऊ दिलं. नवरा दारातून ओरडला, "अगं, खातायत!"

"गप्प बस," मी म्हटलं. आमच्या लग्नात हे वाक्य बहुधा पहिल्यांदाच या बाजूनं त्या बाजूला गेलं.

शेवटच्या शनिवारी कडाक्याची थंडी होती. नाक वाहत होतं, पुसलं नाही. पायाला मुंग्या आल्या, येऊ दिल्या. ऊन वर आल्यावर एक हरिणी आली. मान खाली घातली. मफलर दातांत होता. मी चाप ओढला.

ती उसळली आणि झाडीत पळाली. मी उठलेच होते, आजींनी माझं जॅकेट धरून खाली ओढलं.

"बस."

"अहो, लागलंय तिला!"

"लागलंय म्हणूनच बस. आत्ता मागे गेलीस तर घाबरून लांब पळेल आणि कुठेतरी एकटी मरेल. तुला सापडणारही नाही. नाही गेलीस तर जवळच पडेल. अर्धा तास."

आधीचे सगळे शनिवार एकीकडे आणि तो अर्धा तास एकीकडे. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. इडलीचं पीठ आठवलं नाही, काहीच आठवलं नाही. ती झाडीत होती, ते मी केलं होतं, आणि आता तिच्यासाठी करण्यासारखं एकच उरलं होतं: न उठणं. मी उठले नाही.

ती जवळच पडलेली सापडली.

पुढच्या आठवड्यात आजींना जेवायला बोलावलं. माहेरच्या मसाल्यातला रस्सा, कुकरमध्ये. शिट्ट्या झाल्या, सगळे टेबलाशी बसले, वाफ काही जाईना. मी उलथनं उचललं.

"आई!" मुलगी ओरडली.

आजींनी तिला हातानंच थांबवलं. "करू दे तिला," त्या म्हणाल्या. "यंदाचं बसून झालंय तिचं."