डॉबरमनचा तिवडा

माझा डावा पाय कळायला लागायच्या आधीपासून पोलिओचा आहे. चालताना डावा हात मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, दाबून धरावा लागतो. नाही धरला तर गुडघा दुमडतो आणि मी जिथे असेन तिथे खाली बसतो. पाऊल टाकायचं, हाताने दाबायचं, कमरेतून वाकायचं, सरळ व्हायचं. बघणाऱ्याला वाईट वाटतं. मला चालायची दुसरी पद्धतच माहीत नसल्यामुळे वाईट वाटायचा प्रश्न आला नाही. शाळेत असताना पायाला बांधायचा लोखंडी कॅलिपर करून आणला होता, तो बोचायचा. पुढे तो माळ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

नव्वदनंतरची दोनतीन वर्षं गेली असतील. मी नाशकात अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होतो, बसून करायचं काम. देवळाली कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्यांच्याकडची डॉबरमनची एक पिल्लू मादी आमच्या साहेबांच्या ओळखीतून माझ्याकडे आली. बरोबर तिची वंशावळ होती, आजीपणजीपर्यंतची. माझी मला एवढी ठाऊक नाही.

बायकोने पिल्लू मांडीवर घेतलं, त्याचे लांबसडक पाय पाहिले आणि म्हणाली, "पळणारंच जनावर बरं आणलंत. आता मागे कोण धावणार?"

प्रश्न रास्त होता. मी तो पुढची काही वर्षं सोडवत बसलो.

नाशकात तेव्हा थंडीत डॉग शो भरायचा. मैदानात दोऱ्या बांधून चौकोनी रिंग केलेली असायची. बाहेर सतरंज्यांवर कुत्री, पिंजरे, डबे, मुंबई-पुण्याहून आलेल्या गाड्या. तिथली चाल ठरलेली असते. परीक्षक मधोमध उभा राहतो आणि सगळे आपापली कुत्री घेऊन त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने पळतात. कुत्रा डाव्या हाताला धरायचा, म्हणजे तो आतल्या बाजूला येतो, परीक्षकाच्या नजरेसमोर. माणूस पलीकडे राहतो, त्याच्याकडे कुणी बघायचं नसतं.

इथेच आमचं घोडं पेंड खायचं. माझा डावा हात मांडीवर अडकलेला, त्यामुळे पट्टा उजव्या हातात आणि डॉबरमनही उजवीकडे. परीक्षकाला आधी दिसायचा माझा पाय, मग वाकलेली कंबर, आणि फटीतून कुठेतरी तिची शेपटी. त्यात डॉबरमनची खरी चाल दुडक्या पळण्यात असते. माझ्या वेगाने चालायला लावली की ती उंटासारखी एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकायला लागायची. त्या जातीत तो दोष धरतात. म्हणजे दोष माझा आणि नाव तिचं खराब.

पहिल्या शोला आम्ही सगळ्यांच्या मागून निघालो. बाकीच्यांची फेरी संपली तरी आमची अर्धी उरलेली होती. सगळे थांबले आणि आम्ही एकटेच चालत राहिलो. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्या मैदानाने उचलून धरल्या. आमचा नंबर शेवटचा लागला. पण बक्षिसांच्या वेळी मला व्यासपीठावर बोलावून पाहुण्यांच्या हस्ते एक ढाल दिली. तिच्यावर 'जिद्द' असं कोरलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, अपंगत्वावर मात वगैरे. फोटोत मी होतो, ढाल होती, पाहुणे होते. डॉबरमनचा फक्त कान आला होता.

मला त्या ढालीचा राग आला, तो अजून गेलेला नाही. मी जिद्द दाखवायला गेलोच नव्हतो, कुत्रं दाखवायला गेलो होतो. ते चांगलं आहे की नाही एवढं मला हवं होतं, आणि तेवढंच कुणी सांगितलं नाही. ढाल चांगली जड होती. वाऱ्याने आपटणाऱ्या मागच्या दाराला लावायला ती उपयोगी पडली.

त्याच शोमध्ये नाशिकरोडचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठ भेटले. त्यांचे ट्रक आग्रा रोडवर धावायचे आणि त्यांचा डॉबरमन दर वर्षी पहिला यायचा. शेठ अंगाने भरपूर, मनाने मोकळे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लय कौतुक वाटतं तुमचं. आम्हाला धड पाय आसून पळवत नाय." पुढच्या वर्षी पुन्हा खांद्यावर हात, पुन्हा तेच वाक्य. त्यांनी माझ्या डॉबरमनकडे एकदाही नीट पाहिलं नाही. ज्याच्यापासून धोका नाही त्याच्याकडे कोण बघतं?

एका वर्षी पैसे घेऊन रिंगमध्ये दुसऱ्यांची कुत्री फिरवणारा माणूस केला. तिने त्याच्याबरोबर छान धाव घेतली, तिसरा नंबर आला. फीत घरी आली तेव्हा बायको म्हणाली, "झालं ना मनासारखं?" झालं नव्हतं. मी दोरीबाहेर खुर्चीवर बसून होतो, बाकीच्या बघ्यांसारखा. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण ती स्वतःची स्वतःच फेडावी लागते, हे मला त्या खुर्चीत कळलं. मला तिच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असायचं होतं आणि तरीही ती नीट दिसायला हवी होती.

उपाय सापडला तो इगतपुरीकडे, बहिणीच्या सासरी. तिथे अजून बैलांनी भाताची मळणी करायचे. खळ्याच्या मधोमध खांब रोवलेला, त्याला ते तिवडा म्हणतात, आणि त्याला बांधलेले बैल गोल फिरताहेत. मी बाजेवर चहा पीत होतो. बैल चालत होते आणि तिवडा काहीच करत नव्हता. नुसता उभा होता.

उभं राहायला मला हात लागत नाही. उभा असलो की माझे दोन्ही हात मोकळे.

नाशकात परत येऊन मी एक लांब, बारीक सुती दोरी घेतली. कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर सकाळी मी मधे उभा राहायचो आणि डॉबरमनने माझ्याभोवती पळायचं. तिला ते समजेना. ती सरळ माझ्याकडे यायची. तेव्हा सुरुवातीला बैलाचं काम बायकोने केलं. पदर खोचून ती पुढे आणि डॉबरमन मागे, अशा दोघी माझ्याभोवती फिरायच्या. मी मधून सूचना द्यायचो, अंतर ठेव, वेग धर.

"उंटावरून शेळ्या हाकणं सोप्पंय," बायको धापा टाकत म्हणायची. शेजारचे गॅलरीत येऊन चहा प्यायचे.

दोरी माझ्याभोवती गुंडाळली जायची, हीच मोठी अडचण होती. एकदा डॉबरमनने मांजर पाहिलं आणि मला भोवऱ्यासारखं गुंडाळून खाली पाडलं. मग परत येऊन माझ्या तोंडाजवळ उभी राहिली, आता पुढे काय, अशी. हळूहळू मला दोरी पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात द्यायची सवय झाली, आणि तिला माझ्या जिभेच्या टकटकीवर वेग धरायची. पावसाळा संपेपर्यंत बायको सुटली. डॉबरमन एकटी फिरू लागली, पाठ सपाट, मान वर, पाय घड्याळासारखे. ती अशी चालते हे मलाही तोवर माहीत नव्हतं. तिच्या पट्ट्याशी असताना मी नेहमी जमिनीकडे बघत चालायचो.

तिचं वय उतरणीला लागलं होतं. पुढच्या वर्षी ती शोच्या लायक राहिली नसती. म्हणून त्या थंडीतला शो आमच्यासाठी शेवटचाच होता.

त्या वर्षी परीक्षक दक्षिणेकडून आलेल्या एक वयस्क बाई होत्या. डोक्यावर उन्हाची टोपी, चेहऱ्यावर काही नाही. बाकीच्यांची फेरी झाल्यावर मी त्यांना इंग्रजीत विचारलं, मी उभा राहून हिला फिरवली तर चालेल का? त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, मग दोरीकडे, आणि रिंगच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. "दाखवा," म्हणाल्या.

मी मधे उभा राहिलो, दोरी सैल सोडली आणि टकटक केलं. डॉबरमन फिरली. फिरतच राहिली. मैदानावर कुणी टाळी वाजवली नाही. लोक तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं आणि मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात शेठनी हात वर केला.

"ह्ये चालायचं नाय," ते म्हणाले. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "आमी धापा टाकत पळायचं, कुत्रं आमच्या पायात पायात, आन् ह्यांनी निवांत उभं ऱ्हायचं? मोकळं सोडल्यावर कुनाचं बी कुत्रं झ्याक दिसंल. बाई, ह्यांना जास्तीचा फायदा मिळतोय."

शोच्या सेक्रेटरीने ओशाळून ते बाईंना इंग्रजीत सांगितलं आणि शेठच्या कानाशी लागला, "अहो, त्यांच्याकडे बघा तरी. जाऊ द्या ना." शेठ म्हणाले, "बघतोयच की. त्यांच्या कुत्रीकडं बी बघतोय. म्हनून तर बोलतोय."

आजूबाजूचे लोक अवघडले. कुणीतरी शेठना माणुसकीची आठवण करून दिली. मी मात्र तिथे उभा राहून हसू दाबत होतो. मला जास्तीचा फायदा मिळतोय, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

बाईंनी थोडा विचार केला. मग माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. एकाला लांब दोरी दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. ही फेरी मी धरणार नाही." मी मान हलवली. त्यांनी वाकून डॉबरमनच्या खांद्यावर हात फिरवला. "आणि धरली असती तरी ही पहिली आली नसती. हिच्या खांद्याची ठेवण फार उभी आहे, त्यामुळे पुढचं पाऊल आखूड पडतं. दुसरी आली असती."

मी दोरी गुंडाळून खिशात घातली, डावा हात मांडीवर दाबला आणि उजव्या हाताने पट्टा धरून नेहमीची फेरी पुरी केली. शेठचा पहिला नंबर आला, आमचा चौथा. मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. दुसरा नंबर समोरून गेला होता. पण ते वाईट वाटणं इतरांच्यासारखं होतं, हरलेल्या माणसाचं.

बक्षिसं वाटून झाल्यावर सेक्रेटरी कापडात गुंडाळलेली ढाल घेऊन माझ्याकडे यायला निघाला. पुन्हा 'जिद्द'चीच असणार. शेठ वाटेत उभे होते. "ती कुनाला?" त्यांनी विचारलं. सेक्रेटरीने माझ्याकडे बोट केलं.

"त्यांना कशापायी? चौथ्याला ढाल आसती का कुठं?"

सेक्रेटरी तसाच परत फिरला.

घरी बायकोने विचारलं, काय मिळालं. मी तिला सगळं सांगितलं, खांद्याचंसुद्धा. तिने डॉबरमनच्या खांद्याला लगेच तेल चोळायला घेतलं. त्याने काही होत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

पुढच्या थंडीत मी शोला गेलो तो नुसता बघायला, डॉबरमनला बरोबर घेऊन. शेठ लांबून आले. मी खांदा तयार ठेवला होता, सवयीने. ते थांबले, आधी तिच्याकडे बघितलं, पायापासून मानेपर्यंत, मग माझ्या खिशाकडे.

"दोरी आनली नाय ना?" ते म्हणाले, आणि हात न लावता पुढे गेले.