बिनतेलाची बाटली

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिंप्राळ्यात घराकडे वळत होते. स्कूटर कडेला लावली. पहिला विचार आला तो असा, की आता खरं काय घडलं ते फक्त मलाच माहीत आहे... लाज वाटली, पण आला.

नाना म्हणजे आमचे जीवरसायनशास्त्राचे सर. जळगावच्या महाविद्यालयात मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग सहकारी. डोळ्याचा पडदा सुटला की शस्त्रक्रिया करून आत सिलिकॉन तेल भरतात. त्या तेलात हलक्या हायड्रोकार्बनचा अंश राहिला, तर डोळ्याला अपाय होतो. तो अंश यीस्टवरून ओळखता येईल का, हे नानांचं संशोधन. तेल शुद्ध असेल तर यीस्ट फेसाळायचं, नसेल तर मलूल पडायचं. सोबत एक बाटली कायम बिनतेलाची, नुसत्या यीस्टची; तीही मलूल पडली, तर दोष तेलाचा नाही. तिला ते साक्षीदार म्हणायचे. मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, कामात असले की अहिराणीत शिरायचे. मी निकाल घेऊन धावत गेले की कागदाकडे न बघता विचारायचे, "पहिले सांग, साक्षीदार कोठे शे?" मला भारी राग यायचा.

मग त्यांचाच डावा पडदा सुटला. धुळ्याला शस्त्रक्रिया ठरली. डोळ्यात जाणाऱ्या तेलाचा नमुना त्यांनी हट्टाने माझ्याकडे पाठवला. सकाळी बघते तर यीस्ट मेलेलं! डॉक्टरांना फोन करून म्हटलं, "थांबा, तेल खराब आहे." त्यांनी शस्त्रक्रिया थांबवली. पाचच मिनिटांत नानांचा फोन.

"साक्षीदार कोठे शे, बेटा?"

नव्हता. धुतलेल्या बाटल्या कमी पडल्या म्हणून मी तो ठेवलाच नव्हता.

"ठेव. मी थांबस."

मागून डॉक्टर ओरडत होते, "नाना, पडद्याचा मधला भाग अजून शाबूत आहे, उशीर नको!" संध्याकाळपर्यंत मी बाटलीसमोरून उठले नाही. बिनतेलाचं यीस्टही मेलं... बाटल्या लवकर वाळाव्यात म्हणून मी त्या अ‍ॅसिटोनने विसळून तशाच बुचं लावून ठेवल्या होत्या. आत राहिलेल्या अ‍ॅसिटोननेच यीस्ट मारलं होतं. तेलात काहीच खोट नव्हती. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली, पण तोवर मधला भागही सुटला होता. त्या डोळ्याला पुढे माणूस दिसायचा, चेहरा नाही.

शोकसभेत तेच डॉक्टर गहिवरून म्हणाले, "नाना सांगायचे, बाटल्या मीच नीट धुतल्या नव्हत्या." मी पहिल्या रांगेत होते. खरं न सांगताच फोटोला फूल वाहून निघून आले. म्हणून आज इथे लिहिते : त्या बाटल्या मी धुतल्या होत्या. नानांनी मला त्यावरून कधी एक अक्षर ऐकवलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

डोळा गेल्यावर ते बाटली खिडकीकडे धरायचे आणि डावा डोळा मिटून फेस बघायचे. आता मीही सगळ्यात आधी बिनतेलाची बाटली भरते, उजेडाकडे धरते. माझे दोन्ही डोळे धडधाकट आहेत. तरी डावा आपोआप मिटतो.