एवढं हिरवं चांगलं नव्हे

खत विकणारा माणूस गिऱ्हाइकाला "कमी घ्या" म्हणतो, हे मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिलं. सतवासच्या बाजारातल्या एका दुकानात आमचे काका नोकरीला होते. नात्याचे नव्हेत, पण आसपास मराठी बोलणारी आमची दोनच घरं, म्हणून काका. शेतकरी दुकानात शिरून "दो बोरी यूरिया" म्हणाला, की गोणीला हातही न लावता ते विचारत, "इससे पहले क्या लगाया था, भिया?" उत्तर मिळाल्याशिवाय गोणी जागची हलत नसे. सगळा बाजार त्यांना 'पहलेक्या काका' म्हणायचा. स्थळ पाहायला गेले तरी मुलीच्या बापाला हेच विचारतील, अशी त्यांची टर उडवत. काका स्वतःही हसत, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा तेच विचारत.

"अहो ताई, पंगतीवरून उठलेल्याला कोणी लगेच दुसऱ्या पंगतीला बसवतं का?" असं ते मला समजावत. उन्हाळ्यात टोमॅटो-मिरचीला लोक मूठ सैल सोडून खत घालतात. ते सगळं काही भाजी खात नाही, बरंच मातीत उरतं. त्यावर पावसाळ्यात धान लावून पुन्हा भरपूर वाढलं तर त्याला अजीर्ण होतं, हे त्यांचं शास्त्र. गव्हानंतरच्या धानाला ते नेहमीचं खत देत. भाजीनंतरच्या धानाला डीएपी अजिबात नाही, आणि युरिया अर्ध्याहून कमी, तोही पानाचा रंग पाहून थोडाथोडा. खिशात हिरव्या छटांची एक प्लास्टिकची पट्टी असे. पान तिला लावून पाहत आणि पोपटी निघालं की खूश होत. काळपट हिरवं निघालं की मात्र पट्टी खिशात ठेवून देत. फार झालं तर म्हणत, "एवढं हिरवं चांगलं नव्हे."

असा नोकर कोणत्या मालकाला परवडेल? एक दिवस मालकाने त्यांना गोड बोलून घरी बसवलं. काका इंदूरला लेकीकडे गेले. जाताना माझ्या धाकट्या भावाला, सुधीरला, एवढंच म्हणाले, "धान लावशील तेव्हा फोन कर हो, भिया."

सुधीर पीथमपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून बाबांच्या सतवासजवळच्या चार एकरांवर परतला होता. उन्हाळ्यात त्याला टोमॅटो चांगला साधला. आता धान साधलं तर इथेच राहायचं, नाहीतर मुकाट्याने कारखान्यात परतायचं, असं त्याने बायकोला कबूल केलं होतं. इतका खूश मी त्याला लहानपणानंतर पाहिला नव्हता.

रोवणीच्या आधी मी शेतावर गेले, तेव्हा तो म्हणाला, "काकांना फोन लावू?" माझ्या हातात धानाच्या खताचा छापील तक्ता होता. आमचे पणजोबा दरबारात दफ्तरदार. छापलेलं खोटं नसतं, हे आमच्या घरात बाळकडूसारखं पाजलेलं. मी देवासला मास्तरीण, त्यामुळे तो तोरा माझ्यात जरा जास्तच. मी म्हटलं, "अरे, सगळं लिहिलंय की यात. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास?" मी आकडे वाचत गेले आणि तो तसं खत घालत गेला. आधीचं पीक कोणतं, हे त्या तक्त्यात विचारलेलंच नव्हतं.

धान असं काही माजलं की रस्त्यावरून जाणारे थांबून फोटो काढू लागले. "असो धान कदी नी देख्यो, भिया!" शेजारी म्हणाले. श्रावण सरताना काका खोकत खोकत बसने आले. बांधावर उभे राहिले आणि खिशातली पट्टी त्यांनी बाहेरच काढली नाही, एवढं ते काळपट हिरवं होतं. मला धडकी भरली ती तेव्हा.

"किती घातलंस?" त्यांनी विचारलं. सुधीरने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. "बांध फोडून पाणी काढा. आता चिमूटभरही टाकू नका," म्हणाले. जेवायला वाढलं होतं, पण ते जेवले नाहीत. मिळेल त्या बसने परत गेले.

पंधरा दिवसांत शेताच्या मधोमध परातीएवढा तांबूस डाग दिसला. जादा खताने माजलेल्या धानाचा रस शोषणारे तुडतुडे पडले होते. आम्ही फवारलं, तरी डाग पसरत गेले. मग एका दुपारी वारा सुटला आणि उरलेलं सगळं धान आडवं झालं. लोंब्या हातात घेऊन चोळल्या, तर फोलपटंच निघाली.

काका तोवर इंदूरच्या दवाखान्यात होते. रोज फोन करत, "धान काय म्हणतंय?" मी म्हणे, "छान आहे, काका." एकदा म्हणाले, "फोटो पाठवा." मी शेजारच्या शेताचा पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. "हे पोपटी धान गव्हानंतरचं आहे, ताई. तुमचं दाखवा."

मी आमचं दाखवलं. पहिला डाग कधी दिसला, ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "चूक माझीच. मीच आधी फोन करायला हवा होता." त्यांनी मला चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. तक्ता मी वाचला होता, हे त्यांना ठाऊक होतं. आठवड्याभरात ते गेले.

दसऱ्यानंतर सुधीर पीथमपूरला परतला. निघताना मला वाकून नमस्कार केला, आणि मला त्याच्याकडे बघवलं नाही. शेत आम्ही शेजाऱ्याला करायला दिलंय. उन्हाळ्यात त्यानेही टोमॅटो काढला. परवा गेले तर बांधावर धानासाठी युरियाच्या गोण्यांची थप्पी लागलेली. मी त्याला सगळं सांगितलं, अगदी हात जोडून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, मला चहा पाजला आणि हसून म्हणाला, "मैडम, आप तो स्कूल संभालो." मी निघाले तेव्हा त्याच्या माणसाने पहिली गोणी फोडली होती.