पुसलेले ठिपके

माझे बाबा रेल्वेत चावीवाले होते. डहाणू रोडहून घोलवडच्या दिशेने रोज सकाळी रुळांतून चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या प्रत्येक चावीवर हातोडा मारायचा आणि कान द्यायचा. घट्ट चावी खणकन वाजते, सैल चावीचा आवाज बद्द येतो. चालून झालं की डायरीत वेळ, पुढे 'ठीक' हा एकच शब्द आणि खाली सही. हातोडा न मारता 'ठीक' लिहिणाऱ्यासाठी रूळ सांभाळणाऱ्या त्यांच्या गँगमध्ये एक खास शिवी होती. ती इथे लिहिण्यासारखी नाही.

निवृत्तीनंतर वर्षभरातच, तलासरीला एका लग्नात, त्यांच्या छातीत दुखायला लागलं. ऊन लागलं म्हणून नातेवाइकांनी लिंबूपाणी पाजलं, मांडवात आडवं केलं. दवाखाना गाठेपर्यंत व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. हृदयाचा एक तुकडा मेला तो मेलाच.

नेमकं हेच माझ्या अभ्यासाचं काम. मुंबईतल्या एका संस्थेत मी कॉम्प्युटरवर हृदयं बांधत होते. हार्ट अटॅकनंतर मेलेल्या जागी व्रण राहतो. ठोक्याची विजेची लाट व्रणातून जात नाही, वळसा घालून पुढे सरकते. पण व्रणाच्या आत एखादी बारीक जिवंत वाट उरलेली असली, तर लाट तिच्यातून रांगत उशिरा बाहेर पडते आणि स्वतःच्याच मागे गरगर फिरायला लागते. मग हृदय रक्त ढकलत नाही, नुसतं थरथरतं, आणि माणूस बोलता बोलता कोसळतो. कोणाच्या व्रणात अशी वाट आहे हे आधीच ओळखायचं, एवढंच आमचं गणित.

२०१७ साली मुंबईच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, धोका आहे की नाही ते नक्की कळत नाही, तपासणी करावी लागेल. मांडीतून तार हृदयापर्यंत न्यायची आणि ठोका मुद्दाम बिघडवता येतो का ते बघायचं. बिघडला, तर कातडीखाली झटका देणारं यंत्र बसवायचं. शुक्रवारची वेळ ठरली. बाबा जन्मात कशाला घाबरले नव्हते, याला घाबरले.

"चालत्या गाडीखालचा रूळ काढून बघायचा, तसं हाय हे," ते म्हणाले. "बाय, तुझं मशीन काय सांगतं ते सांग. मी तेच मानणार."

माझ्या मार्गदर्शक बाईंनी बजावून ठेवलं होतं, हे संशोधन आहे, घरच्या माणसावर करायचं नाही. मी मान हलवली आणि सुट्टी घेऊन, बाबांच्या हृदयाच्या स्कॅनची सीडी पिशवीत टाकून सरावलीला घरी आले. दीडशहाणेपणाला दुसरं नाव नसतं. घरातल्या टेबलावर बसून बाबांचं हृदय बांधलं, संस्थेच्या मोठ्या कॉम्प्युटरवर पाठवलं, वेगवेगळ्या जागांवरून त्याला ठोके दिले. लाट प्रत्येक वेळी व्रणाला वळसा घालून विझली. रविवारी जेवताना मी सांगितलं, "सगळं ठीक आहे."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचा अभिमान वाटला. सोमवारी त्यांनी हॉस्पिटलला फोन करून तपासणी रद्द केली, स्टेशनबाहेरच्या चहावाल्यापाशी जुन्या गँगवाल्यांना गोळा केलं आणि माझ्या पोरीने माझं काळीज तपासलं, असं दहा वेळा सांगितलं.

मंगळवारी सकाळी मी शोधनिबंधासाठी एक चित्र करत होते. एका बाजूला मूळ स्कॅन, दुसऱ्या बाजूला माझं मॉडेल. बघता बघता हात थांबला. स्कॅनमध्ये व्रणाच्या मधोमध बारीक ठिपक्यांची एक ओळ होती. मॉडेलमध्ये नव्हती.

ती मीच पुसली होती. बारीक ठिपके आले की स्कॅनवरून हृदयाची जाळी बांधणारा प्रोग्राम अडकायचा, म्हणून काही महिन्यांपूर्वी मी त्यात एक सूचना लिहून ठेवली होती: यापेक्षा लहान ते सगळं कचरा समजून साफ कर. ती जिवंत वाट मी कचऱ्यात टाकली होती.

"बाबा कुठे आहेत?" मी आईला विचारलं.

"फिरायला गेले रुळाकडेनं. तू ठीक सांगितलंस ना, कालपासून दोन-दोन तास चालतायत."

त्यांचा मोबाइल तिथेच चार्जिंगला लावलेला होता.

मी ठिपके परत घातले आणि मॉडेल पाठवलं. डोंगलचं नेटवर्क जात-येत होतं. खुर्चीवर बसवेना, म्हणून उभीच राहिले. निघावं तर खात्री नाही, थांबावं तर ते उन्हात चालतायत. पहिल्या जागेवरून लाट विझली. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या जागेवरूनही विझली. मी श्वास सोडला. पाचव्या जागेवरून ती ठिपक्यांच्या वाटेत शिरली, दिसेनाशी झाली आणि मागच्या बाजूने बाहेर येऊन फिरायला लागली. फिरतच राहिली. पडद्यावर माझ्या बापाचं हृदय थरथरत होतं. मी चप्पलही न घालता धावले.

रुळांलगतच्या पायवाटेवर वीस मिनिटं कोणी दिसलं नाही. एका मालगाडीच्या आवाजात मी त्यांना हाका मारत होते आणि रडत होते. शेवटी दिसले. चिंचेखाली दगडावर बसून बिडी नसलेला हात उगाच ओठांशी नेत होते. मला अनवाणी बघून उठायला लागले.

"उठू नका," मी ओरडले आणि धापा टाकत सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हटलं, "मी न बघता ठीक सांगितलं, बाबा."

मला वाटलं, आता ती शिवी येणार.

"गँगमध्ये काय करायचे म्हाईत हाय?" ते म्हणाले. "ज्यानं चावी न ठोकता सोडली, त्यानंच सगळ्यांसमोर सांगायचं आणि परत चालत जायचं. चल."

चहावाल्यापाशी, त्या पाच-सहा म्हाताऱ्यांसमोर, त्यांनी मला माझ्या तोंडाने सांगायला लावलं. लाजेने मान वर होत नव्हती. त्यातल्या एकाने स्वतःच्या पायातल्या चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या. मार्गदर्शक बाईंना आणि डॉक्टरांनाही मीच सांगितलं. बाईंची बोलणी खाल्ली, ती रास्तच होती. डॉक्टर म्हणाले, तुमच्या मॉडेलवर मी काही ठरवणार नाही, तपासणीवर ठरवेन. तपासणीत बाबांचा ठोका बिघडला, झटका देऊन ताळ्यावर आणावा लागला. त्याच आठवड्यात गळ्याच्या हाडाखाली यंत्र बसलं. बाबांनी मला त्यांची एक कोरी डायरी दिली. तेव्हापासून प्रत्येक मॉडेलमधून काय पुसलं ते मी आधी त्यात लिहिते.

२०१९मध्ये एका सकाळी मी संस्थेत असताना त्यांचा फोन आला. आवाज बारीक होता.

"बाय, अंगणात पडलो. छातीवर कोणी लाथ मारल्यावाणी झालं. यंत्र वाजलं, झटका दिला त्यानं. आता उठून बसलोय. डायरीत वेळ लिही. आठ वाजून दहा. लिही, ठीक."

मी डायरी उघडली, वेळ लिहिली. पेन पुढे जाईना.

"आधी मनगट धरा," मी म्हटलं. "मला ऐकू येईल असं मोजा."

त्यांनी मोजायला सुरुवात केली. मी घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर ऐकलं. मग 'ठीक' लिहिलं, आणि खाली सही केली.