घाणेरीच्या पाल्यातला उजेड

पानाला हात लावायच्या आधी रेणुका एकच विचारायची, "हे शेळी खाती का?" खात असेल तर ते तोडायचं नाय. गंगापूरकडच्या धनगराची पोर ती. दुष्काळाची वर्षं होती. म्हणायची, "मावशी, जनावराच्या तोंडचा पाला काढून मला डॉक्टर व्हायचं नाय." म्हणून तिनं शेळी तोंड लावत नाय ती घाणेरी धरली. आमच्या पडेगावात तेव्हा नुसते प्लॉट पडत होते, अन् घाणेरी कुंपणाकुंपणानं माजलेली.

आमच्या वरच्या खोलीत ती भाड्यानं राहायची, विद्यापीठात पीएचडीचं संशोधन करायची. वाळवून कुटलेला पाला पाण्यात घालून बंद पोलादी डब्यात तापवायचा, की त्याचा कोळसा होतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. जांभळ्या दिव्याखाली धरला की निळा चमकतो. त्यात जस्त घातलं की जास्त चमकतो, हे तिला सिद्ध करायचं होतं. मी म्हटलं, "कोळशाला कल्हई करतीस व्हय गं?" लई हसली. "तसंच समजा. फक्त आतून."

त्या वर्षी प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नव्हतं. पाला धुवायचं काम मी हौसेनं घेतलं. टँकरचं पाणी वाया कसं घालवायचं? मी पाला बादलीत दोन-दोन दिवस भिजत ठेवायची, मग तेच पाणी झाडांना.

प्रबंध द्यायला महिना उरलेला, एका कॉलेजातली नोकरी त्यावर अडलेली, अन् रेणुका तोंड उतरवून घरी आली. जस्त न घातलेल्या कोळशाची बाटलीसुद्धा तेवढीच चमकत होती! सरळ माझ्या मोरीत शिरली, बादली उलटी करून पाहिली. "मावशी, ही तर जस्त चढवलेल्या पत्र्याची." बादलीचं जस्त पाण्यात उतरून पाल्यात गेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिची मैत्रीण म्हणाली, "फेक ती बाटली. चमकली नाही असं लिही. कोण बघतंय?"

"मी बघितली ना चमकताना."

शुद्ध पाणी अन् काचेची भांडी आणून तिनं सगळं पहिल्यापासून केलं. आठ महिने गेले, नोकरीही गेली. जस्तानं उजेड वाढतो हे खरं निघालं, पण तिला वाटलं होतं त्याच्या निम्म्यानं. तिनं निम्माच लिहिला.

तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर बसले होते. परगावच्या सरांनी विचारलं, "एवढा उशीर का झाला?" आता माझी बादली निघणार, असं वाटलं.

रेणुका म्हणाली, "पाला कशात धुतला जातो, ते मी पाहिलं नव्हतं, सर. चूक माझी."

माझ्याकडं तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.