देर्नामावशी आणि कार्डिनलची खोली

माझी देर्नामावशी इटलीतल्या फेरारा शहरातल्या ज्या महालात जन्मली, तिथे तेव्हा अकरा भाडेकरू कुटुंबं आणि एक नळ होता. पुढे छत धोक्याचं ठरवून सगळ्यांना बाहेर काढलं. मावशीने सारी उमर फळं भरायच्या कारखान्यात नासपती निवडण्यात घालवली. महालाचं मात्र नशीब फळफळलं. त्याचं पंचतारांकित हॉटेल झालं.

मावशीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तिच्या लेकीने, लोरेटाने, तिथली एक रात्र भेट दिली.

"जिथनं हाकललं तिथेच पैसे मोजून झोपू?" मावशी म्हणाली. पण केस सेट करून आली.

मी सामान पोचवायला सोबत गेले होते. मॅनेजर गोव्होनीसाहेबांनी स्वतः दार उघडलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सिन्योरा, इथे एक कार्डिनल राहून गेले. पोपच्या खालोखालचे धर्मगुरू!"

मावशीने खोलीभर नजर फिरवली. "कधी? इथे तर आमचे ससे असायचे. पलीकडे आम्ही सात जण. सशांना जागा जास्त होती."

साहेबांचा चेहरा पडला. पण समोरच्या खोलीतलं डच जोडपं थबकलं होतं. बाईंना इटालियन येत होतं. त्यांनी सकाळी नाश्त्याला मावशीला आपल्या टेबलावरच बसवून घेतलं. नऊ वाजेस्तोवर भोवती आणखी चार खुर्च्या ओढल्या गेल्या. साहेब लांबून बघत होते. हुशार माणूस! दुपारी निघताना म्हणाले, "दर गुरुवारी चहाला याल का? पाहुण्यांना हेच सांगायला. अगदी खरंखुरं."

मावशी तीन गुरुवार गेली. ससे, थंडी, नळावरची भांडणं, सगळं सांगितलं. तिसऱ्या गुरुवारी एका बाईंना रडू कोसळलं. त्यांनी मावशीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ कुरवाळत बसल्या.

घरी येऊन मावशीने तो हात साबणाने धुतला. "मी मेले नाही अजून," एवढंच म्हणाली.

चौथ्या गुरुवारी मी सोबत होते. ससे गायब! त्यांच्या जागी कार्डिनल आले. ते मावशीच्या पणजोबांशी पत्ते खेळायचे, हरले की रुसायचे, आणि भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता पुढे आला की रुसवा जायचा. पाहुणे माना डोलवत होते. साहेब मात्र घामाघूम.

"सिन्योरा देर्ना, ते ससे..."

"कसले ससे? कार्डिनलच्या खोलीत? काहीतरीच काय!"

पुढच्या बुधवारी हॉटेलातून फोन आला. मावशीने आता विश्रांती घ्यावी, असं सगळ्यांना वाटत होतं म्हणे.

महिन्याभरात तिची जागा इवोन्ने नावाच्या बाईंनी घेतली. त्या नदीपलीकडच्या. महालात त्यांनी कधी पाऊलही टाकलं नव्हतं, पण रडायच्या फार छान. लोरेटा संतापली. "आई, वकील गाठू या!"

मावशीने स्वतः इवोन्नेबाईंना घरी बोलावलं. कॉफी दिली. नळ कुठल्या कोपऱ्यात होता, संडासाला किती पायऱ्या उतराव्या लागत, कुणाचं बाळ कुठल्या हिवाळ्यात गेलं, त्याचं नाव काय होतं, सगळं नीट सांगितलं. इवोन्नेबाईंनी वहीत उतरवून घेतलं.

"बाळाचं नाव तेवढं सांगू नकोस," मावशी म्हणाली. "बाकी सगळं वापर."