खुर्चीतून उठून

शालूआत्याला कुणावर रागवायचं असलं की ती आधी खुर्चीतून उठायची. धारच्या मुलींच्या हिंदी शाळेत ती इंग्रजी शिकवत असे. बाकीच्या शिक्षिका बसल्या जागेवरून डस्टर आपटत, सगळ्या वर्गासमोर खरडपट्टी काढत. आत्या मात्र गुडघ्यावर हात टेकून उठे, पदर खोचे आणि त्या मुलीला व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी घेऊन जाई. तिथलं बोलणं आम्हाला ऐकू येत नसे, नुसत्या दोन पाठी दिसत. परत येताना मुलगी बहुधा रडलेली असायची, पण तिची मान खाली नसायची.

ती माझ्या वडिलांची चुलत बहीण. घरी आत्या आणि शाळेत बेनजी. चुकून वर्गात 'आत्या' म्हटलं तर ती ओळखसुद्धा दाखवत नसे. तिने लग्न केलं नव्हतं. धारच्या मराठी घरांतल्या बायका म्हणायच्या, हिच्या जिभेपुढे कुठला नवरा टिकणार? त्यांनी तिची जीभ कधी ऐकलीच नव्हती, नुसता दरारा पाहिला होता.

नववीत तिने आम्हाला 'रिप्रिमांड' हा शब्द शिकवला. गाइडमध्ये त्याचा अर्थ 'डाँटना' एवढाच दिला होता, आणि दुसऱ्या कुणाचं तेवढ्यावर भागलं असतं. आत्याने फळ्यावर तीन शब्द लिहिले.

"स्कोल्ड तो तुम्हारी मम्मी करती है," ती म्हणाली, "दिन में दस बार, और शाम को भूल जाती है. रिब्यूक में धार होती है, एक बार लगा तो याद रहता है. और रिप्रिमांड आदमी नहीं करता, कुर्सी करती है. साहब बाबू को करेगा, बाबू साहब को नहीं कर सकता."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "तो बेनजी, आप हमको क्या करती हो?"

"मैं तो पहले उठ जाती हूँ ना," आत्या म्हणाली, आणि खडू ठेवून हात झटकले.

घरी मला तिने तोच शब्द मराठीत सांगितला. "आपल्याकडे तोंडी समज देणं म्हणतात बघ, मने. जुना दरबारी शब्द आहे. पण समज द्यायची तर आधी समजून घ्यायला नको?"

ती का उठते हे मला फार उशिरा कळलं. मी कॉलेजात होते, ती सुपात तांदूळ निवडत होती, आणि मी सहज विचारलं. तिची पहिली नेमणूक गंधवानीला झाली होती. वय तेविसाचं, नवी नोकरी, नवी खुर्ची. जमना नावाची एक मुलगी रोज उशिरा यायची. एक दिवस आत्याने तिला सगळ्या वर्गासमोर, बसल्या बसल्या फैलावर घेतलं.  जमना पिशवी उचलून गेली ती परत आलीच नाही. आठवड्याने आत्या विचारत विचारत तिच्या घरी गेली. आईबाप गुजरातेत मजुरीला गेलेले. धाकट्या भावाला खाऊ घालून, त्याला आजीकडे सोडून ती पोर दोन तास चालत शाळेत यायची. आत्या अंगणात उभी राहिली, पण जमना घरातून बाहेर आली नाही.

"सुनाया तो सही, सुना नहीं," आत्या म्हणाली. "नंतर मी कितीक पोरींचं ऐकलं असेल, पण तिचं राहिलं ते राहिलंच गं." मग ती पुन्हा खडे वेचायला लागली.

एवढं ऐकूनही मी शहाणी झाले नाही. पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात मला पॅकिंगची सुपरवायझर केलं, स्वतंत्र टेबल मिळालं, आणि मी त्या खुर्चीत चांगलीच रुतले. सविता नावाची एक बाई लागोपाठ तीन दिवस उशिरा आली. नियमावलीत पहिली पायरी होती 'व्हर्बल रिप्रिमांड'. मी तिला टेबलासमोर उभं केलं आणि बसल्या जागेवरून तिची हजेरी घेतली. लाइनवरच्या सगळ्या मुली हात थांबवून बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून सविता आली नाही.

त्याच रविवारी मी देवासला गेले. आत्या तिथे पुतण्याकडे अंथरुणाला खिळलेली. पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि तेव्हापासून ती नुसती खंगत चालली होती. तिला बरं वाटावं म्हणून मी बढतीची बातमी दिली आणि फुशारकीने म्हटलं, "तुझा तो नववीतला शब्द परवा कामी आला बघ."

"कुणाला बोललीस?"

"पॅकिंगमधल्या एकीला. रोज उशिरा यायची."

"उठली होतीस?"

"हो," मी म्हणाले.

 आत्याने पलंगाची कड धरली आणि कोपरावर जोर दिला. खांदे जरासे उचलले गेले आणि ती मागे पडली. तिने पुन्हा कड धरली, पुन्हा पडली. मी विचारलं, "काय हवंय, आत्या? पाणी देऊ?" पुतण्याची बायको आतून धावत आली, "अहो आत्या, उठायचं नाही सांगितलंय ना डॉक्टरांनी." आत्याने डोळे मिटून घेतले. "काही नको," म्हणाली.

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला पाणी नको होतं, काहीच नको होतं. माझं खोटं तिने ओळखलं होतं, आणि मला बोलायचं म्हणून ती उठत होती. उठता आलं नाही, म्हणून बोलली नाही. नऊ दिवसांनी ती गेली.

तेरावा झाल्यावर मी सविताची खोली शोधत गेले. तिने आतून प्लास्टिकची खुर्ची आणली. "बैठो, मैडम." मी बसले नाही. त्या दिवशी काय झालं होतं ते विचारलं. "छोटी को निमोनिया था, बस छूट जाती थी," ती म्हणाली. "उस दिन पूछ लेते तो बता देती." मी माफी मागितली. तिने ती ऐकून घेतली, पण कामावर परत यायला नाही म्हणाली. तिने दुसरीकडे काम धरलं होतं आणि तिला दुपारच्या पाळीला निघायचं होतं.

मी रस्त्याला लागले तेव्हा ती खुर्ची दारात तशीच होती. मला आत्याची फार आठवण आली. मरताना तिने मला आशीर्वाद दिला असता तर तो मी निमूट घेतला असता, पण मला हवी होती ती तिची बोलणी. कितीही कडू असती तरी चालली असती. ती बोलणी माझ्या हक्काची होती.